आबांना पायी गडावर जायचंय, आणि त्यांच्या पायाला काही कळत नाही

बोरीकाठ:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज विचारायला आलोय.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आबांचं वय ६६, शुगर १५ वर्षांपासून. मागच्या वर्षी माघात कापूस संपल्यावर पऱ्हाटी उपटायचं काम चाललं होतं. संध्याकाळी आबा घरी आले, ओट्यावर चपला काढल्या आणि आत येऊन जेवायला बसले. माझी बायको ताट वाढायला वाकली तर तिला दारापासून पाटापर्यंत फरशीवर लाल ठिपके दिसले. एका ओळीत, पावलागणिक एक. चप्पल उलटी करून पाहिली. पऱ्हाटीचा खुंट रबरातून आरपार गेलेला होता. आबा तसेच शेतातून दीड किलोमीटर चालत आले होते. "माले काहीच दुखनं नई," म्हणाले.

हळद भरली, पट्टी बांधली. दुखत नव्हतं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, पाऊल टम्म सुजलं, शुगर ४३८. धुळ्याला नेलं. दुसरं बोट काढावं लागलं आणि तळव्यात उतरलेला पू काढायला मोठी चीर द्यावी लागली. ७ आठवडे ड्रेसिंग. पाऊल वाचलं.

दवाखान्यात पडल्या पडल्या आबांनी सप्तशृंगी आईला नवस बोलला: पाय वाचव, चैत्रात पायी येईन. गेल्या चैत्रात जखम ओली होती म्हणून राहिलं. यंदा जखम पूर्ण भरली आहे, तीन महिन्यांची साखर १०.२ वरून ७.४ वर आली आहे, आणि आबांनी तयारी सुरू केली आहे. अनवाणी जायचं म्हणतात. काही बोललं की एकच उत्तर: "माय बलाई राहिनी, मी पायीच जासू."

पाय वाचला म्हणून नवस फेडायचा, आणि नवस फेडताना पायच जायचा, या भीतीने मला झोप लागत नाही. आईवर माझीही श्रद्धा आहे, म्हणून "देव वगैरे सोडा" असं मी त्यांना सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं झालंय का? कसं समजावलंत?

गिरणामाई:

दादा, आधी तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. फरशीवरचे ठिपके त्यांनी पाहिले नसते तर गोष्ट बोटावर थांबली नसती.

मी १८ वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. शुगरच्या पायाचे पेशंट आमच्याकडे येतात ते बहुतेक "परवापर्यंत काही नव्हतं" म्हणत येतात. परवापर्यंत काही नव्हतं असं नसतं, परवापर्यंत कोणी पाहिलेलं नसतं. एका काकांचा मोजा जखमेला चिकटला होता, तो मी सलाईनच्या पाण्याने भिजवून भिजवून अर्धा तास सोडवत होते. आत अंगठ्याखाली रुपयाएवढं भोक. बुटात काय निघालं? चिंचोका. नातवाने खेळताना टाकलेला. तीन दिवस काका त्यावर चालत होते, आणि माझ्याशी बोलताना हसत होते, कारण दुखत काहीच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, बूट-चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका आणि आत हात फिरवा. तुमच्या आबांनाही आजपासून ही सवय लावा, गडाचं नंतर बघू.

सातपुड्याचा:

मला थोडं वेगळं वाटतं. माझ्या आजोबांना शुगर होती, ते आयुष्यभर अनवाणी चालले, सारंगखेड्याच्या यात्रेलाही अनवाणीच जायचे. ८१ व्या वर्षी गेले ते दोन्ही पायांनिशी. हल्ली डॉक्टर लोकांना फार घाबरवतात. माणसाची श्रद्धा मोडली की तो आतून खचतो, त्याचंही काही मोल आहे. आबांची साखर सुधारली आहे, जखम भरली आहे. जाऊ द्या त्यांना, सोबत तुम्ही चाला.

टाका_दोन:

मी सर्जन आहे, धुळे जिल्ह्यातच. आबांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण सातपुडादादांचं वाचून थोडं सविस्तर लिहितो.

भरलेली जखम म्हणजे बरा झालेला पाय नव्हे. एकदा जखम होऊन भरलेल्या १०० जणांपैकी साधारण ४० जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते, तीन वर्षांत ६० जणांना. कारण ज्यामुळे पहिली जखम झाली ते तसंच असतं. संवेदना परत आलेली नसते. आबांचं तर एक बोट गेलं आहे, म्हणजे त्या बोटाचा भार शेजारच्या बोटांवर आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर आला. तिथे घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं आणि वरून कातडी चांगली दिसत असताना आत जखम तयार होते.

मज्जातंतू लांबचे आधी जातात, म्हणून बोटांपासून बधिरपणा सुरू होऊन तो मोज्यासारखा वर चढतो. त्याच मज्जातंतूंमुळे पायाला घाम येतो. तो थांबला की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात, आणि भेग म्हणजे जंतूंना उघडं दार. साखर जास्त असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. शिवाय तळव्याची रचना कप्प्यांची आहे. पू एका कप्प्यात धरला की स्नायूंच्या दोऱ्यांच्या वाटेने घोट्याकडे चढतो. बाहेरून बोटभर जखम दिसते आणि आत अर्धं पाऊल पोखरलेलं असतं. आबांचं तेच झालं असणार.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, त्याला एबीआय म्हणतात. ते ०.९ च्या खाली आलं तर पायाला रक्त कमी पोचतंय. पण शुगरवाल्यांच्या धमन्यांत चुना साचून त्या कडक होतात, मग आकडा १.३ च्या वर जातो आणि तो चांगला वाटतो. तसं असेल तर पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो किंवा डॉपलर, म्हणजे धमन्यांतलं रक्त कसं वाहतंय ते पाहणारी तपासणी, करावी लागते. आबा बिडी ओढत असतील तर नवसाच्या आधी ती सुटायला हवी.

सातपुडादादा, तुमच्या आजोबांची संवेदना शाबूत असेल. शुगर असलेल्या प्रत्येकाचा पाय बधिर होत नाही. ज्याला काटा टोचलेला कळतो तो पाय उचलतो. ज्याला कळत नाही तो चालत राहतो.

सातपुड्याचा:

डॉक्टर, संवेदनेचा मुद्दा पटला. पण ती आहे की गेली हे घरी कसं कळायचं? गावात कुठे ती यंत्रं आहेत?

टाका_दोन:

यंत्र लागत नाही. दवाखान्यात आम्ही १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून पाहतो, तो धागा नसला तरी बोट आहे. घरात ज्यांना शुगर आहे त्यांना झोपवा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीने त्यांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला हळूच स्पर्श करा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही. दोन्ही पाय मिळून सहा जागा. "कळलं" असं त्यांनी सांगायचं, तुम्ही विचारायचं नाही. दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर पाय धोक्यात आहे असं समजा आणि दाखवून घ्या. याला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. आबांसारखं बोट गेलेलं असेल तर हे फक्त अंदाजाला, तो पाय आधीच जोखमीचा आहे.

अक्काची_लेक:

डॉक्टर, आत्ताच आईवर करून पाहिलं. सहापैकी चार नाही कळल्या. मी हात धुवून इथे लिहायला बसलेय आणि बोटं थरथरतायत.

तिच्या जोडव्यांबद्दल विचारायचंय. जोडवी बोटात रुतली आहेत, खालची कातडी ओली, पांढरी झाली आहे. काढ म्हटलं तर म्हणते, तुझे बाबा असेपर्यंत नाही. तिला दुखतही नाही.

गिरणामाई:

ताई, उद्या सकाळीच. जोडव्याखाली ओली पांढरी कातडी म्हणजे चिखल्यांसारखंच, तिथून जंतू आत शिरतात. ओढून काढू नका, कातडी सोलली जाईल. आमच्याकडे आम्ही कापून काढतो, दोन मिनिटांचं काम. आणि आईंना सांगा की तीच जोडवी सोनाराकडून सांधून मंगळसूत्रात ओवून घेता येतात. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींनी तसं केलं, त्यांच्या सासूबाईंनीच सुचवलं होतं.

बायकांच्या पायांबद्दल एक सांगायचंच आहे. आबांचे पाय तरी पाहायला सून आहे. घरातल्या बाईचे पाय पाहणारं कोणी नसतं. ती सगळ्यांच्या शेवटी जेवते, सगळ्यांच्या शेवटी झोपते, ओल्या मोरीत दिवसभर उभी असते. आमच्याकडे बायका पुरुषांपेक्षा उशिरा येतात, माझा १८ वर्षांचा अनुभव.

केळीवाला_रावेर:

मी इथे सहसा केळीच्या भावावर लिहितो. आज राहवलं नाही.

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. वय ५२. करंगळीखाली भोवरी होती, वर्षातून चार वेळा ब्लेडने मीच कापायचो. एकदा खोल गेलं. बागेत पाणी चालू होतं, दिवसभर चिखलात. कोणीतरी सांगितलं बिब्बा लाव, जखम सुकते. बिब्ब्याचं तेल तापवून लावलं. शुद्धीत असलेल्या माणसाने ते लावताना किंचाळायला हवं. मी स्वतःच्या हाताने लावलं आणि मला काही झालं नाही. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी फोड आले, पाचव्या दिवशी करंगळी काळी. घरात वास येत होता. बायको म्हणाली उंदीर मेला असेल, दोघांनी कोठीतल्या गोण्या हलवून पाहिल्या. वास माझ्या पायाचा होता.

डॉक्टरांनी सांगितलं ओलं गँगरीन आहे, आज रात्री कापलं नाही तर उद्या सकाळी माणूस नाही. सही मी स्वतः केली.

सातपुड्याचे दादा, राग नाही, पण "डॉक्टर घाबरवतात" हे वाचून मला लिहावं लागलं. मला कोणी घाबरवलं असतं तर बरं झालं असतं.

जयपूर फूट लावून आता बागेत जातो. खोडव्याला खत टाकतो, घड उतरवताना फक्त खांद्यावर घेत नाही. राहिलेला पाय रोज रात्री बायको बॅटरी लावून पाहते.

सातपुड्याचा:

केळीवाले भाऊ, माझे शब्द मागे घेतो. आजोबांचं उदाहरण द्यायला नको होतं. उद्या वडिलांची सहा जागांची तपासणी करतो, त्यांना ९ वर्षांची शुगर आहे.

भरीतप्रेमी:

भाऊ, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या बायकोला सलाम.

एक विचारू का, विषयाला सोडून आहे. शुगर असलेल्याने केळी खावी की नाही? आणि हिवाळ्यात भरीत-कळण्याची भाकरी चालते ना?

केळीवाला_रावेर:

केळी पिकवतो आणि आठवड्यातून एखादं खातो, तेही अर्धं आणि जेवणासोबत नाही. भरीत खुशाल खा, तेलाचा हात आखडा. कळण्याच्या भाकरीत उडीद-ज्वारी आहे, गव्हाच्या बट्ट्यांपेक्षा बरी. वरण-बट्टीच्या पंगतीत माझी शुगर ३०० गेली होती, तेव्हापासून एक बट्टी आणि बाकी वांग्याची भाजी.

तापीकर:

जेवणाचा वेगळा धागा काढा हो, इथे पायाचं चालू द्या.

माझा प्रश्न औषधांचा. वडिलांच्या टाचेला भेग होऊन छोटी जखम झाली आहे. पू नाही, लाली नाही. मेडिकलवाल्याने पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, संपल्या, जखम तशीच. आता त्याहून भारी गोळ्या देतो म्हणतो. घ्यायच्या का?

टाका_दोन:

नाही. जंतुसंसर्गाची लक्षणं नसतील तर अँटिबायोटिकने जखम भरत नाही. उगाच दिलेल्या गोळ्यांनी जंतू चिवट होतात आणि खरी गरज पडेल तेव्हा तीच औषधं चालत नाहीत. जखम भरते ती तीन गोष्टींनी: मेलेली कातडी आणि घट्टा काढणं, त्या जागेवरचा भार काढणं आणि रक्तपुरवठा. वडील त्याच टाचेवर चालत असतील तर सोन्याची गोळी दिली तरी भरणार नाही.

संसर्ग असेल तर गोष्ट उलट, मग एक दिवसही थांबायचं नाही. लाली, गरमपणा, सूज, पू, यातली दोन दिसली की संसर्ग धरा. दुखण्याची वाट पाहू नका. जखमेच्या कडेपासून लाली २ सेंटीमीटरच्या पुढे गेली, कातडी काळी-निळी झाली, फोड आले, वास आला, दाबल्यावर कातडीखाली चुरचुर लागली, थंडी-ताप-उलटी झाली, तर त्याच दिवशी सर्जन. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पुष्कळदा भयंकर संसर्गातही ताप येत नाही. घरात एखाद्याची साखर कारण नसताना एकदम वाढली तर आधी त्याचे पाय पाहा.

जखमेत खोलवर हाड लागत असेल तर संसर्ग हाडात गेल्याची दाट शंका असते. एक्स-रेमध्ये हाडातला बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिला एक्स-रे चांगला आला तरी प्रकरण मिटलं असं नाही. हाडाचा संसर्ग हाड न काढता बरा करायचा तर साधारण सहा आठवडे औषध चालतं. कोणतं औषध हे जखम साफ केल्यावर आतल्या हाडाचा किंवा मांसाचा तुकडा तपासून ठरवावं. वरवर फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर पुष्कळदा कातडीवरचेच जंतू येतात.

अक्काची_लेक:

आईची जोडवी निघाली. खाली जखम होतीच, पण वरवरची. रडली थोडी. मग सिस्टरांनी सांगितलेलं मंगळसूत्राचं सांगितलं तेव्हा गप्प झाली.

अजून एक अनुभव लिहिते. माझ्या मावशीचं पाऊल सुजलं, लाल झालं, हात लावला तर गरम. जखम कुठेच नाही. एका दवाखान्यात संसर्ग म्हणून १५ दिवस इंजेक्शनं दिली, दुसरीकडे वात सांगितला. मावशी चालतच होती कारण दुखत नव्हतं. दोन महिन्यांनी तळव्याची कमान खाली बसली, पाऊल होडीच्या बुडासारखं झालं. हे काय होतं?

टाका_दोन:

हे शार्को फूट वाटतं. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. बधिर पायातली हाडं नकळत मोडत राहतात आणि सांधे सरकतात. जखम नसताना एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असेल तर आधी हे डोक्यात यायला हवं. उपाय म्हणजे चालणं बंद आणि गुडघ्यापर्यंत पूर्ण चिकटून बसणारं प्लास्टर, काही महिने.

हेच प्लास्टर तळव्याच्या जखमांनाही लावतात. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करत होते, तिथलं प्लास्टरचं आणि पादत्राणांचं ज्ञान नंतर मधुमेहाच्या पायाला कामी आलं. लोक म्हणायचे कुष्ठरोग बोटं खातो. ब्रँड यांनी दाखवलं की रोग बोटं खात नाही, वेदना नसल्यामुळे माणूस स्वतःचं शरीर नकळत झिजवतो. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची जी एमसीआर चप्पल आज शुगरवाल्यांना देतात ती आधी कुष्ठरोग्यांसाठी होती. काही लोक त्यामुळे ती घालायला लाजतात. लाजू नका.

वाघूर:

खर्चाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मोठ्या भावाच्या पायासाठी आम्ही एका खासगी दवाखान्यात पाच दिवसांत दोन एकर कपाशीचे पैसे घातले. योजनेचं कार्ड चालतं का हे आम्ही पहिल्या दिवशी विचारलंच नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. भरती होण्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला विचारा की हे ऑपरेशन बसतं का. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथेही सर्जरी विभाग आहे. रात्री-बेरात्री पुण्या-मुंबईची गाडी ठरवण्याआधी तिथे पोचा. या दुखण्यात तास मोजले जातात.

जिभाऊ_पारोळा:

बोरीकाठ भाऊ, मूळ प्रश्नावर येतो. मी २२ वर्षं गडावर पायी जातोय. पहिली १२ वर्षं स्वतःसाठी, नंतरची १० पदयात्रेकरूंच्या सेवेसाठी. धुळ्याहून मालेगाव, देवळा, कळवण आणि गडाच्या पायथ्याचं नांदुरी, त्या रस्त्यावर आमच्या मंडळाचा टेम्पो असतो. पाणी, ताक, औषधं आणि पाय धुण्याची सेवा.

चैत्रातली दुपार तुम्हाला सांगायला नको. १२ ते ४ डांबरावर उघडा पाय ठेवला तर चांगला माणूस नाचत कडेच्या मातीत उतरतो. शुगरवाला नाचत नाही. चार वर्षांपूर्वी एका बाबांचे पाय मी परातीत घेतले, पाणी ओतलं आणि तळव्याची कातडी माझ्या हातात आली. पूर्ण, टाचेपासून बोटांपर्यंत, मोजा निघावा तशी. बाबा माझ्याशी देवीची गाणी म्हणत होते. त्या दिवसापासून आमच्या मंडळात नियम आहे: नाव नोंदवताना शुगर विचारायची, आणि शुगर असेल त्याने पादत्राणाशिवाय चालायचं नाही. कोणी म्हटलं नवस आहे, तर मी सांगतो की खान्देश आईचं माहेर आहे, आपण तिची माहेरची माणसं. माहेरचा माणूस रक्ताळलेल्या पायाने दारात आला तर कोणत्या लेकीला बरं वाटेल?

आबांना माझ्याकडे फोनवर द्या. मी तुमच्या वडिलांच्याच वयाचा आहे, मुलाचं ऐकायला जड जातं, बरोबरीच्या माणसाचं ऐकतात.

गिरणामाई:

जिभाऊ, किती चांगलं काम करता तुम्ही. पाय धुवायचं पाणी कोमट की साधं?

जिभाऊ_पारोळा:

साधं, माठातलं. गरम पाणी आम्ही ठेवतच नाही. आणि धुतल्यावर बोटांच्या बेचक्यांतून कोरडं फडकं फिरवतो.

बोरीकाठ:

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. सगळ्यांचं आबांना वाचून दाखवलं. केळीवाल्या भाऊंचं ऐकताना आबांनी मध्येच हात वर केला, "थांब जरा", आणि उठून बाहेर जाऊन बसले. मग जिभाऊंचा फोन झाला, पाऊण तास, सगळा अहिराणीत. काय बोलणं झालं ते मला दोघांपैकी कोणी सांगितलं नाही.

ठरलं ते असं. गावापासून नांदुरीपर्यंत मी आबांच्या नावाने चालायचं, नवसाची ओटी माझ्या खांद्यावर. आबा जिभाऊंच्या टेम्पोत, पाय धुण्याच्या सेवेला. नांदुरीपासून पहाटे, ऊन चढण्याआधी, आबांनी चालायचं, जमेल तितकंच, पादत्राण घालून. वर पायऱ्यांना ट्रॉली. त्यांच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी डॉपलर करून घेतलं, रक्तपुरवठा ठीक आहे, आणि नवीन चपलांची घरात-अंगणात महिनाभर सवय झाली तरच परवानगी म्हणाले.

चपला एमसीआरच्या करून घेतल्या, मागे पट्टा असलेल्या, अंगठ्याची चप्पल बंद. पाय संध्याकाळी थोडा सुजतो म्हणून माप संध्याकाळी दिलं.

रोज रात्री आठ वाजता माझा सात वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन ओरडतो, "आबा, पाय!" आबा खाटेवर पाय लांब करतात, तो दोन्ही तळव्यांचे फोटो काढतो आणि कालच्या फोटोशी ताडून पाहतो. आधी आबा लाजायचे, नातवापुढे तळवे कसे करायचे म्हणून. आता आठला पाच कमी असताना स्वतःच हाक मारतात.

परवा मुलगा म्हणाला, इथे लाल आहे, काल नव्हतं. डाव्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, पावलीएवढं. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं, तसंच होतं. आबांना अर्थातच काही कळत नव्हतं. चपला त्या दिवसापासून काढून ठेवल्या आहेत. आता काय करू? चप्पल बदलायची की पट्टा?

टाका_दोन:

तुमच्या मुलाने जे पाहिलं ते पाहायला आम्हाला बाह्यरुग्ण विभागात वेळ मिळत नाही. शाबास त्याला.

चप्पल काढल्यावर वीस मिनिटांत लाली गेली नाही म्हणजे तिथे दाब पडतोय. कातडी शाबूत आहे ना? गरम लागत नाही ना? दुसऱ्या पायाच्या त्याच जागेशी हात लावून ताडून पाहा. फरक वाटला तर उद्याच डॉक्टरांना दाखवा. वाटला नाही तरी लाली पूर्ण जाईपर्यंत ती चप्पल नको, आणि ज्याने बनवली त्याच्याकडे फोटो घेऊन जा.

केळीवाला_रावेर:

पट्टा करंगळीच्या हाडावर येतोय. माझ्या डाव्या चपलेचंही तसंच होतं. पट्टा एक बोट मागे सरकवून शिवायला सांगा, आणि आतून मऊ अस्तर. शिवण आतल्या बाजूला नको.

बोरीकाठ:

गरम नाही, कातडी शाबूत. उद्या धुळ्याला जातोय, डॉक्टर आणि चप्पल दोन्ही. मुलगा म्हणतो मीपण येणार, फोटो माझ्याकडे आहेत.